गुणाची पारख आणि नांव

गुणाचा गौरव करणाऱ्यास गुणवंताचें नांव ठाऊक असावें कीं नसावें, हा प्रश्न वरवर व्यवहाराचा दिसतो. परंतु त्याचें मूळ नीतिविचारांत आहे. १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा-स्पर्धेंत 'कृष्णविवर' या कथेस पहिलें पारितोषिक मिळालें. लेखकाचें नांव होतें नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे डॉ. जयंत विष्णु नारळीकर. आपलीं आद्याक्षरें उलट क्रमानें घेऊन त्यांनीं हें टोपणनांव योजिलें होतें. १९६५ सालींच पद्मभूषण झालेल्या या खगोलशास्त्रज्ञाची ती केवळ गंमत होती, असें आम्हांस वाटत नाहीं. खरें नांव पाहून परीक्षक दिपले असते, तर तो मान शास्त्रज्ञाचा ठरला असता. कथेची परीक्षा राहूनच गेली असती.

आमच्या सायखेड्याच्या उपबाजारांत कांद्याचा लिलाव होतो, तेव्हां व्यापारी ट्रॉलींतील मूठभर कांदा हातांत घेऊन पाहतो आणि मग बोली बोलतो. शेतकऱ्याची अपेक्षा एवढीच कीं, भाव मालास मिळावा, मालकाच्या तोंडाकडे पाहून नव्हे. साहित्याच्या पेठेंत ही साधी अपेक्षाही पुष्कळदां दुर्लभ होते.

विज्ञानकथेच्या रसिकांचें जागतिक संमेलन प्रथम १९३९ सालीं न्यूयॉर्क येथें भरलें, आणि १९५३ सालीं त्यांत ह्यूगो पारितोषिकें प्रथम दिलीं गेलीं. तेथें सभासद झालेले वाचकच मतें देतात. ग्रंथ आधींच प्रसिद्ध असल्यामुळें नांव झांकणें शक्य नसतें. सारी भिस्त मतें मोजणाऱ्यांच्या सचोटीवर. २०२३ सालीं चीनमधील चेंगडू येथील संमेलनांत मात्र, पुरेशीं मतें मिळूनही, आर. एफ. क्वांग यांची 'बेबल' ही कादंबरी कारण न सांगतां अपात्र ठरविण्यांत आली. पुढील वर्षीं उघड झालेल्या पत्रव्यवहारावरून दिसलें कीं, व्यवस्थापकांनीं कित्येक लेखकांचें राजकीय लेखन व मतें तपासलीं होतीं. कृतीच्या आधीं माणूस तोलला गेला.

मग नांव सदैव झांकावें काय? तसेंही म्हणवत नाहीं. लेखक कोणत्या मातीचा, कोणत्या दुःखांतून आलेला, हें कळल्यानें कधीं कधीं कृतीचा अर्थ अधिक उमगतो. दोष जाणण्यांत नाहीं. जाणल्यावर मनांत उपजणाऱ्या भीतींत आणि खुशामतींत आहे. पडदा ही दुर्बळ मनाची काठी होय. ती अवश्य वापरावी. पण काठी टेकून चालतों, हें विसरूं नये.

२०२१ सालीं नाशिक येथें भरलेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद नारळीकरांस मिळालें. प्रकृतीमुळें त्यांस येतां आलें नाहीं. हा मान नांवासच होता, तरी तो आम्हांस खटकत नाहीं. कारण साहित्यांतील त्या नांवास वजन आणलें होतें तें लेखनानें, आणि त्या लेखनाची पहिली पारख नांवावांचून झाली होती. नांवानें कृतीच्या मागून यावें, पुढें धांवूं नये. हा क्रम जेथें पाळला जातो तेथेंच पारितोषिकास अर्थ उरतो. एरव्हीं परीक्षा घेणाराच परीक्षेंत नापास होतो.