न पाहिलेल्या वस्तूची साक्ष



आपल्या धर्मग्रामातील काही तरुण-तरुणी नोकरी सांभाळून, तर काही नोकरी शोधता शोधता, घरच्या घरी वेबसाइट चालवून चार पैसे मिळवण्याचा प्रयत्न करीत आहेत. त्यांच्यापैकी काहींनी विचारले, "फादर, यात पाप आहे का?" प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही.

ज्यांना हा व्यवसाय ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लोक गूगलवर कोणते शब्द टाइप करून शोध घेतात आणि महिन्याला किती वेळा, हे दाखवणारी साधने आहेत. या शब्दांना 'कीवर्ड' म्हणतात. समजा, 'रक्तदाब मोजण्याचे चांगले मशीन' हे शब्द पुष्कळ लोक शोधतात. मग त्याच शब्दांभोवती वेबसाइट उभारायची, 'सर्वोत्तम १० मशीन' असा लेख लिहायचा आणि प्रत्येक मशीनखाली ऑनलाइन दुकानाची लिंक द्यायची. वाचकाने त्या लिंकवरून खरेदी केली की लिहिणाऱ्याला कमिशन मिळते. यालाच अॅफिलिएट मार्केटिंग म्हणतात. अॅमेझॉनने आपली अशी योजना १९९६ साली सुरू केली.

कमिशन घेणे हे पाप नव्हे. आपल्या वाडीतली फुले आणि भाजी दलालामार्फतच बाजारात विकली जात आली आहेत. दलाल आपल्या मेहनतीचे घेतो आणि तो दलाल आहे हे सर्वांना माहीत असते. लोकांना काय हवे ते आधी पाहणे हेही पाप नव्हे. पाऊस जवळ आला की दुकानदार छत्र्या बाहेर टांगतो. गरज ओळखणे ही सेवेची सुरुवात असू शकते.

मग अडते कुठे? त्या १० मशीनांपैकी एकही लिहिणाऱ्याने हातात घेतलेले नसते. कंपनीची माहिती आणि ग्राहकांचे अभिप्राय एकत्र करून लेख तयार होतो. आता तर संगणक तो मिनिटभरात लिहून देतो. पहिला क्रमांक कधी कधी जास्त कमिशन देणाऱ्या वस्तूला मिळतो. तरीही लेखातले वजन, किंमत, बॅटरी सारे बरोबर असू शकते. प्रत्येक वाक्य खरे असेल, तर खोटे काय?

आठवी आज्ञा खोट्या साक्षीविषयी आहे. 'साक्षी' या शब्दात 'अक्षि' म्हणजे डोळा आहे. ज्याने पाहिले तो साक्षी. संत ऑगस्टीन यांनी सुमारे ३९५ साली असत्याविषयी एक ग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे असे की, ज्याचे बोलणे चुकीचे निघाले तो लबाड ठरत नाही. मनात एक ठेवून दुसऱ्याला फसवण्यासाठी जो वेगळेच बोलतो, तो लबाड. 'आम्ही निवडलेली सर्वोत्तम मशीन' हे वाचून कोणीतरी ती वापरून पाहिली असावीत असे वाचकाला वाटते. तसे वाटावे हीच लिहिणाऱ्याची इच्छा असते. वाक्ये खरी असली तरी साक्ष खोटी आहे.

"फादर, पानाच्या तळाशी कमिशनची सूचना दिली आहे," असे कोणी म्हणेल. ती द्यायलाच हवी. भारत सरकारने जून २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, शिफारस करणाऱ्याने कंपनीशी असलेला आर्थिक संबंध उघड केला पाहिजे आणि शिफारस पुरेशा माहितीवर वा अनुभवावर आधारलेली असली पाहिजे. पण 'मला पैसे मिळतात' असे सांगितल्याने 'मी वस्तू पाहिलेली नाही' हे सांगून होत नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी 'सुम्मा थिऑलॉजिया'मध्ये खरेदी-विक्रीतील फसवणुकीवर एक संपूर्ण प्रश्न खर्ची घातला आहे. मालातला दोष उघड दिसत असेल तर तो सांगण्याचे बंधन विक्रेत्यावर नाही, पण दोष लपलेला असेल आणि त्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल तर तो सांगितलाच पाहिजे, असे ते म्हणतात. लेखाचा लपलेला दोष म्हणजे लिहिणाऱ्याचे अज्ञान. पडद्यावर ते दिसत नाही.

शेवटी, ते शब्द टाइप करतो कोण? वडील नुकतेच इस्पितळातून घरी आले आहेत अशी एखादी मुलगी, रात्री सर्व निजल्यावर. मशीनने चुकीचा आकडा दाखवला तर त्याचा परिणाम वडिलांना भोगावा लागेल. कीवर्डच्या यादीत ती एक आकडा आहे. शोमरोनी माणसाच्या दाखल्याप्रमाणे पाहिले तर ती आपली शेजारी आहे. १९९७ साली परमधर्मपीठाच्या सामाजिक संपर्क परिषदेने जाहिरातींविषयी दिलेली तीन तत्त्वे हेच सांगतात: सत्य, मानवी प्रतिष्ठा आणि सामाजिक जबाबदारी.

तरुण मित्रांनो, ही वाट सोडा असे मी म्हणत नाही. ज्याला इन्व्हर्टरचे काम येते त्याने इन्व्हर्टरवर लिहावे. जिने दोन मुले वाढवली तिने बाळाच्या वस्तूंविषयी लिहावे. वस्तू वापरून पाहा. पाहिली नसेल तर तसे स्पष्ट लिहा. दोष सांगा. आणि स्वतःला एक प्रश्न विचारा: 'ही वस्तू घेऊ नका' असे लिहिण्याची मुभा मी स्वतःला ठेवली आहे का? ती नसेल तर माझ्या स्तुतीलाही किंमत नाही.

असे लिहिले तर लेख कमी होतील आणि कदाचित कमाईही कमी होईल. प्रामाणिकपणा जास्त पैसे मिळवून देतो असे आश्वासन मी देऊ शकत नाही, शुभवर्तमानही देत नाही. ज्या घरात हप्ते थकले आहेत तिथे हे ऐकणे सोपे नाही, याची मला जाणीव आहे. पण आपल्या शब्दावर विसंबून एक अनोळखी माणूस पैसे मोजतो, तेव्हा त्याचा विश्वासही आपल्या हाती असतो. त्याचा हिशेब आपल्याला द्यावा लागेल.

फिलिपने नथनेलला येशूकडे बोलावले ते स्वतः भेटून आल्यावर, आणि तू येऊन पाहा असे सांगून. आपलीही शिफारस तशीच असो.

प्रभू तुमच्या कष्टांना आशीर्वाद देवो.

तुमचा धर्मगुरू