उताऱ्यात न लिहिलेले

१९७० च्या दशकात ई. डी. हर्श हे इंग्रजीचे प्राध्यापक अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात वाचनाच्या चाचण्या घेत होते. रिचमंडच्या कम्युनिटी कॉलेजातल्या मुलांना रोजच्या जगण्यातल्या विषयांवरचे उतारे बरे समजत. पण जनरल ली ग्रँटला शरण गेल्याचा उतारा समोर आला आणि तीच मुले अडली. यादवी युद्धात रिचमंड हीच दक्षिणेची राजधानी होती. त्यात बहुतेक मुले कृष्णवर्णीय. ज्या युद्धाने त्यांच्या पूर्वजांची गुलामी संपवली, त्याचेच सेनापती त्यांना अनोळखी होते. हर्श यांचे १९८७ चे ‘कल्चरल लिटरसी’ हे पुस्तक या अस्वस्थतेतून आले. पुढच्याच वर्षी रेक्ट आणि लेस्ली यांनी शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचायला दिले. खेळ ठाऊक असलेली वाचनात कच्ची मुले, खेळ न कळणाऱ्या हुशार वाचकांपेक्षा सरस ठरली.

आपल्या मराठीच्या पेपरात अपठित गद्य असते. समजा त्यात असे वाक्य आले: ‘अटकेपार गेलेल्या पक्षाचे पानिपत झाले, कारण घरातल्या नारायणरावाची हाक कोणी ऐकलीच नाही.’ नववीतले मूल यातले प्रत्येक जोडाक्षर बिनचूक वाचेल. पण १७५८ ची अटक, १४ जानेवारी १७६१ चे पानिपत आणि १७७३ मध्ये शनिवारवाड्यात झालेला खून ठाऊक नसेल, तर त्याच्या हाती काहीच लागणार नाही. घरात पुस्तके असलेल्या मुलाला हे जेवताना कानावर पडते. ज्याच्या घरी ती नाहीत, त्याला शाळेखेरीज कोण देणार? म्हणूनच हा प्रश्न मला न्यायाचा वाटतो.

आता त्या वाक्याकडे पुन्हा पाहा. सगळी पेशवाईच! सामायिक म्हणून मिरवणारे ज्ञान कोणाच्या ओसरीवर जमा झाले, हे त्यातून उघड दिसते. भिडेवाड्यातली १८४८ ची मुलींची शाळा, २० मार्च १९२७ चे महाडचे चवदार तळे, पंढरपुरात महाद्वारासमोर नामदेव पायरीजवळ असलेली चोखोबांची समाधी, हेही प्रत्येक मुलाला ठाऊक असलेच पाहिजे, मग ते कोणत्याही घरचे असो.

मात्र एक वगळून दुसरे शिकवा, हे मला मान्य नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’त अवतारांच्या कथा एकेक करून उलट्या तपासल्या. अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्यांना त्यांनी ते पुस्तक अर्पण केले. वामनाची गोष्टच ज्याला माहीत नाही, त्याला फुल्यांचा संताप कसा कळावा? परंपरेशी भांडायचे असेल तरी ती आधी ठाऊक असावी लागते.

हर्श यांनी पुस्तकाच्या शेवटी हजारो नावांची यादी दिली. आपल्याकडे तशी यादी आली, तर महिन्याभरात तिचे गाईड निघेल आणि ‘जोड्या लावा’मध्ये फुले, पेशवे, चोखोबा एका गुणाला विकले जातील. हे ज्ञान गोष्टीतूनच मुरते. बलिप्रतिपदेला बळीचे राज्य येवो म्हणत घरोघरी ओवाळतात, आणि मूल ते ऐकत असते. तिथून वामनाकडे आणि वामनाकडून फुल्यांकडे एका तासात जाता येते. त्यासाठी शिक्षकाला या दोन्ही गोष्टी यायला हव्यात आणि वेळापत्रकात तो तास मोकळा हवा.