मालकी नसताना विक्री कशाची?



बोईसरला बुलेट ट्रेनचे स्थानक होणार आहे. 30 ऑगस्ट 2024 रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. पालघर आणि बोईसर-तारापूर परिसरातील जमिनींना त्यामुळे नवे गिऱ्हाईक लाभले. मूळ मालकाला इसार द्यायचा, साठेखत करायचे आणि खरेदीखत होण्यापूर्वीच तो करार चढ्या भावाने दुसऱ्याच्या नावे फिरवायचा, ही या बाजारातील एक रीत. ही कमाई हलाल आहे काय?

हजरत हकीम बिन हिजाम (रजि.) यांनी विचारले होते की, ग्राहक मागतो ती वस्तू माझ्याजवळ नसते, ती आधी विकून मग बाजारातून आणून देऊ काय? प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मनाई केली. ज्या वस्तूच्या नुकसानीची जबाबदारी आपण उचललेली नाही, तिच्यावर नफा घेण्यासही त्यांनी मनाई केली.

ताब्यापूर्वी स्थावर मालमत्ता विकण्याची मुभा इमाम अबू हनीफा (रह.) देतात, इमाम शाफई (रह.) देत नाहीत, आणि कोकणातील आपली बहुतेक घराणी शाफई आहेत. परंतु हनफी मुभाही खरेदी पूर्ण करून मालक झालेल्यासाठीच आहे. साठेखताने मालकी येत नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम 54 हेच सांगते. मग विकले जाते ते काय? केवळ एक वचन!

आता शेवटच्या खरेदीदाराचा विचार करा. तो तारापूरच्या कारखान्यात आयुष्य झिजवलेला कामगार असेल. त्याने भविष्यनिर्वाह निधी ओतल्यावर कळते की जमीन आदिवासीची आहे आणि महसूल संहितेच्या कलम 36-अ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीवाचून ती बिगरआदिवासीला घेताच येत नाही. मधले सारे नफा घेऊन पांगलेले असतात. बुडतो तो एकटा.

हलाल मार्ग बंद नाहीत. सातबारा तपासा, खरेदीखत नोंदवा, ताबा घ्या, मग खुशाल नफ्याने विका. भांडवल नसेल तर उघडपणे दलाल व्हा आणि ठरलेला मेहनताना घ्या. व्यवहार पेलत नसेल तर मालकाच्या संमतीने करार रद्द करून दिलेलीच रक्कम परत घ्या. यालाच ‘इकाला’ म्हणतात. अडचणीत आलेल्याला अशी मोकळीक देणाऱ्याच्या चुका अल्लाह माफ करील, अशी शुभवार्ता हदीसमध्ये आहे.

अल्लाह आपणा सर्वांना हलाल रोजी देवो आणि दुसऱ्याच्या घामावर उभ्या राहणाऱ्या नफ्यापासून आपल्या घरांचे रक्षण करो. आमीन.