अंतर कोणी तोडायचे?

दिवाळीच्या फराळाबरोबर दवाखान्याचा विषय काढणे काहींना रुचणार नाही. पण आजाऱ्याची विचारपूस केल्याशिवाय आपल्याकडे सणही पुरा होत नाही, म्हणून हे धाडस.

मी खेड्यातला मास्तर. कादंबऱ्या लिहितो, पण गावाला माझा खरा उपयोग कागद वाचून दाखवण्यापुरता. जिल्ह्याच्या इस्पितळातला कागद घेऊन माणसे ओट्यावर येतात. "मास्तर, काय लिव्हलंय बघा." लिहिलेले एवढेच असते : मंगळवारी सकाळी नऊला दाखवण्यास यावे. आमची पहिली एस.टी. तिथे अकराला पोचते. म्हणजे आदल्या दिवशी निघायचे आणि रात्री स्टँडावर अंग टाकायचे. सोबत एक धडधाकट माणूस हवा. त्याची दोन दिवसांची मजुरी बुडते. घरच्या म्हशीची धार शेजारणीने काढायची. आणि तपासणी? दोन मिनिटांची. गोळ्या पूर्वीच्याच.

मोठ्या इस्पितळाची बाजू खोटी नाही. रोज शस्त्रक्रिया करणाऱ्याचा हात बसलेला असतो, आणि भारी किमतीची यंत्रे गावोगाव ठेवणे कोणालाच परवडणार नाही. कर्करोग झालेल्याने परळचे टाटा इस्पितळ गाठावे, हेच शहाणपण. मात्र त्या इस्पितळाबाहेरच्या पदपथावर दूरदूरच्या गावांहून आलेली बिऱ्हाडे पथारी टाकून असतात. उपचार चालतात कित्येक आठवडे, आणि मुंबईत डोक्यावर छप्पर नाही. हा खर्च कोणत्या वहीत मांडला जातो? सगळे एका ठिकाणी आणून काटकसर साधली असे आपण म्हणतो, तेव्हा खर्च नाहीसा झालेला नसतो; तो सरकारी वहीतून उठून आजाऱ्याच्या कनवटीला लागलेला असतो. बाजारात भाव पटला नाही तर माणूस उठून जातो. दुखणेकऱ्याला तेवढीही मोकळीक नाही, म्हणून मी याला सोयीचा नव्हे, न्यायाचा प्रश्न समजतो.

आरोग्यसेवा लोकांच्या होईल तितकी जवळ असावी, असे भोर समितीने १९४६ सालीच सांगितले होते. आज सपाटीवर ३०,००० लोकांमागे आणि डोंगराळ वा आदिवासी भागात २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा दंडक आहे. या दंडकात डोकी मोजली आहेत, वाट मोजलेली नाही. डोंगरातली वीस हजार माणसे किती ओढ्यांपलीकडे विखुरलेली असतात!

वाट उलटी चालता येते, हे मात्र महाराष्ट्रानेच दाखवले. जामखेडला १९७० पासून आरोळे दांपत्याने गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यसेविका केले. गडचिरोलीत बंग दांपत्याने शिकवलेल्या बायका घरी जाऊन तान्ह्या बाळांवर उपचार करू लागल्या, आणि त्या गावांत नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. ते काम १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. यावर एक आक्षेप नेहमी ऐकतो : शहराला निष्णात डॉक्टर आणि खेड्याला चार दिवस शिकलेली बाई, हा भेदभाव नव्हे का? आक्षेप वजनदार आहे. फक्त तो घेणारे बहुधा इस्पितळापासून दहा मिनिटांवर राहतात, असा माझा अनुभव. मध्यरात्री बाळाचा श्वास अडकला की आईला ती बाई तरी हाक मारण्याइतकी जवळ असते.

टाके काढणे, रक्तदाब मोजणे, त्याच गोळ्या पुन्हा देणे, एवढ्यासाठी कोणालाही जिल्ह्याला धाडू नये, असा ठराव यंदा मी आमच्या ग्रामसभेपुढे ठेवतो आहे. सरपंचांना तो फार मोठा वाटतो. मला फार लहान.