खुर्चीवरची नमाज

सर्व स्तुती अल्लाहसाठी, जो सकल विश्वाचा पालनकर्ता आहे. आणि दरूद व सलाम अंतिम प्रेषित ह. मुहम्मद (स.) यांच्यावर.

आजच्या विवेचनाचा आरंभ मी माझ्याच एका चुकीपासून करतो. तळवड्यात एका जुम्याच्या बयानात मी म्हणालो होतो की, मशिदींत खुर्च्या वाढत आहेत आणि सजदे कमी होत आहेत. वाक्य ठसकेबाज होते. अनेकांनी माना डोलावल्या. मात्र त्या दिवसापासून सफच्या टोकाला खुर्चीवर नमाज अदा करणारा एक तरुण दिसेनासा झाला. वय जेमतेम पस्तीस, चाकण पट्ट्यातील एका कारखान्यात लेथवर काम, पाहणाऱ्याला धडधाकट.

तीन आठवड्यांनी मी त्याच्या घरी गेलो. तो म्हणाला, "मौलाना, सजद्यातून उठताना जांघेत सुरी फिरते. पण हे मी कोणाकोणाला सांगत बसू?" मी निरुत्तर झालो.

त्याचे दुखणे बालपणीचे होते. सातव्या वर्षी तो लंगडू लागला. डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले, पर्थेस. मांडीच्या हाडाचा गोल माथा खुब्याच्या वाटीत फिरत असतो. या आजारात त्या माथ्याचा रक्तपुरवठा खंडित होतो. त्याचे नेमके कारण अद्याप उलगडलेले नाही. हाड मऊ पडते, चेपते आणि काही वर्षांत शरीर ते पुन्हा घडवते. बहुधा चार ते आठ या वयात, मुलींपेक्षा मुलग्यांत हा अधिक आढळतो. नव्याने घडलेला माथा गोल राहिला तर पुढचे आयुष्य सुखाने जाते. चपटा राहिला तर सांधा अकाली झिजतो आणि विसरलेला आजार ऐन उमेदीत वेदना होऊन परततो.

आता शरीअत काय सांगते ते पाहू. ह. इम्रान बिन हुसैन (रजि.) यांना मूळव्याधीचा त्रास होता. त्यांनी नमाजविषयी विचारले तेव्हा प्रेषितांनी (स.) दिलेल्या शिकवणीचा आशय असा: उभे राहून अदा करा, ते जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर (बुखारी). स्वतः प्रेषितांनीही (स.) घोड्यावरून पडून इजा झाली असता बसून नमाज अदा केली. अल्लाह कोणावरही त्याच्या कुवतीबाहेर भार टाकत नाही, ही ग्वाही सूरह अल-बकराच्या शेवटच्या आयतीत आहे. म्हणून सवलत ही दुबळ्या ईमानाची खूण नव्हे. ती रब्बची देणगी आहे. अर्थात, केवळ आळसाने खुर्ची ओढणे वेगळे. कोणाला किती सूट, हे त्याने आपला त्रास सांगून जाणत्या आलिमाला विचारावे. शेजाऱ्याने त्याचा न्यायाधीश होऊ नये.

सवलतीबरोबर जबाबदारीही येते. प्रेषितांनी (स.) उपचार करण्याची आज्ञा दिली आणि वार्धक्याखेरीज प्रत्येक व्याधीला औषध असल्याचे सांगितले. "लहानपणापासूनच आहे" म्हणून दुखणे अंगावर काढणे हा सब्र नव्हे. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवून एक्स-रे काढावा. चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो. म्हणून वजन थोडे उतरले तरी आराम मोठा पडतो. काठी दुखत्या बाजूला नव्हे, विरुद्ध हातात धरावी. उकिडवे बसणे, मांडी घालणे टाळावे. घरी कमोडची सोय करावी. फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम नेमाने करावेत. वेदनाशामक गोळ्या मनाने वर्षानुवर्षे घेऊ नयेत. त्या पोटाला व मूत्रपिंडाला अपाय करू शकतात. सांधा पुरता झिजला तर खुबा बदलण्याची शस्त्रक्रियाही आहे. तिची वेळ तज्ज्ञांनी ठरवावी. आपल्या भागातील गरजूंना पिंपरीत महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. तेथे जाण्यात संकोच कसला?

आई-वडिलांनो, एक गोष्ट गाठीशी बांधा. खुब्याचा आजार पुष्कळदा गुडघ्यात दुखतो. मूल लंगडत असेल, गुडघा किंवा मांडी दुखते म्हणत असेल, तर "नाटक करतो" म्हणून दटावू नका. खुबा तपासून घ्या. मुले ही आपल्याकडे सोपवलेली अमानत आहेत.

पुढच्या जुम्याला मी त्याच जागेवरून माझे शब्द मागे घेतले. तो आला नव्हता. त्यानंतरच्या जुम्याला आला. कोणीतरी त्याची खुर्ची आधीच सफच्या टोकाला मांडून ठेवली होती. ती कोणी मांडली, हे मी विचारले नाही. त्या हातांचा मोबदला अल्लाहपाशी आहे. माझ्या बयानाने जे तोडले होते, ते त्या मुक्या कृतीने सांधले.

हे अल्लाह, आमच्या आजाऱ्यांना शिफा दे, त्यांच्या वेदनेला गुनाहांची कफ्फारा बनव आणि आमच्या जिभांना कोणाची वाट अडवण्यापासून वाचव. आमीन.