गुणांसाठी केलेले पुण्य

खेळातून शिकवण देणे आपल्याकडे नवे नाही. आजच्या सापशिडीचा पूर्वज असलेला मोक्षपट परंपरेने ज्ञानदेवांच्या नावाशी जोडला जातो. त्याला ठोस ऐतिहासिक आधार नाही, पण सद्गुण-दुर्गुणांची नावे घराघरांत लिहिलेले जुने पट उपलब्ध आहेत. सद्गुणाच्या घरात शिडी, काम-क्रोधाच्या घरात साप. मात्र खेळणारा काही निवडत नाही. कवड्या पडतील तिकडे जातो. म्हणून हा पट नीतीचा नकाशा दाखवतो, नीतीची कसोटी घेत नाही. कार्यालयांतल्या नेतृत्व-प्रशिक्षणाचे खेळ निवड खेळाडूच्या हाती देतात खरे, पण सोबत गुणतक्ताही लावतात. सहकाऱ्याचे ऐकून घेतले की दहा गुण! गीतेने फळाची आस सोडून कर्म करायला सांगितले. इथे फळ आधीच फळ्यावर लिहिलेले असते. अशा खेळातून माणूस हिशेब शिकतो. सचोटी परवडेनाशी झाली की हाच हिशेब त्याला ती सोडायलाही सांगेल.

नेतृत्व शिकवणाऱ्या खेळात गुण असावेत का, हा प्रश्न नंदुरबार जिल्ह्यात फार जवळचा आहे. 2011च्या जनगणनेनुसार इथली सुमारे 69 टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. 2006च्या वनहक्क कायद्याने वनजमिनीवरील हक्काच्या दाव्यांची छाननी ग्रामसभेकडे आणि तिच्या वनहक्क समितीकडे सोपवली. 2012च्या सुधारणेनंतर या ग्रामसभेच्या गणपूर्तीला निम्मे सदस्य लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. समजा, समितीचे सदस्य आणि ग्रामसेवक यांच्यासाठी एक खेळ रचला आणि सर्वांत जास्त दावे आधी निकाली काढणारा विजयी ठरवला. हुशार खेळाडू काय शिकेल? सभा न घेता रजिस्टरवर सह्या-अंगठे गोळा करायला. त्याऐवजी नियम असा ठेवावा: अक्राणी तालुक्यातल्या लांबच्या पाड्यावरची बाई आपल्या पावरी बोलीत आपले म्हणणे मांडत नाही आणि ठराव तिला पावरीत वाचून दाखवला जात नाही, तोवर डाव पुढे सरकणार नाही. इथे कोणी एकटा जिंकत नाही. नेत्याचे काम उरते ते गैरहजर माणसाला सभेत आणण्याचे.

गुण काढले तर कोणी मन लावून खेळणार नाही, हा आक्षेप व्यवहारी आहे. एमआयटीत 1960च्या सुमारास तयार झालेल्या ‘बिअर गेम’मध्येही खर्चाचा हिशेब ठेवतातच. दुकानदारापासून कारखान्यापर्यंतचे खेळाडू एकमेकांचा साठा न पाहता मागणी नोंदवतात, साठे हेलकावे खातात आणि जो तो शेजाऱ्याला दोष देतो. पण खरा धडा मिळतो तो डाव संपल्यावरच्या चर्चेत: दोष माणसांपेक्षा रचनेत होता. आकडे चर्चेला पुरावा म्हणून जरूर ठेवावेत, बक्षीस म्हणून नकोत. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. खेळात कोणाचीच जमीन जात नाही, मग विवेक घडणार कसा? तो खेळाने घडत नाही, हे मान्यच करावे. खेळ चूक स्वस्तात करू देतो, तिची किंमत मोजायला लावत नाही. म्हणूनच खेळात पहिला आलेल्याला उत्तम नेता म्हणून प्रमाणपत्र देणे हा खोटेपणा आहे. प्रशिक्षण घडवणाऱ्यांनी आधी बक्षिसाचा रकाना खोडावा आणि नेता घडला की नाही, हे त्याच्या ग्रामसभेला विचारावे.