आपल्या पाड्यावरून लिहिताना

कुणी न सांगता, अधूनमधून, मनापासून लिहिणारी माणसं सगळीकडे असतात. त्यांच्यातल्या एखाद्याचंच लेखन आपण शोधून वाचतो. ते कशामुळे? भाषेच्या सफाईमुळे, असं पुष्कळांचं म्हणणं. मला ते पटत नाही. लिहिणाऱ्याला जे जवळून ठाऊक आहे तेच त्यानं सांगितलं आणि मत देण्याआधी हकीकत मांडली, तर साध्या भाषेतलं लेखनही धरून ठेवतं. डहाणू-तलासरी तालुक्यांचाच दाखला घ्या. गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ १९७० साली आलं, १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तिथल्या वारली आदिवासींची वेठबिगारी वाईट, एवढंच सांगून त्या थांबल्या असत्या तर ते पुस्तक केव्हाच विस्मरणात गेलं असतं. पण लग्नापुरतं कर्ज काढलेला वारली बायकोसकट सावकाराच्या घरी राबत राहतो, त्याला ‘लग्नगडी’ म्हणतात, हे त्या पाड्यापाड्यांतून पायी हिंडून आल्यावर सांगतात. चीड कुणी शिकवावी लागत नाही, ती वाचकाच्या मनात आपोआप उठते.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की लोकहितवादींची ‘शतपत्रे’ म्हणजे तर मतंच मतं! १८४८पासून ‘प्रभाकर’ साप्ताहिकात आलेल्या त्या पत्रांत निवाडे भरपूर आहेत, हे खरं. पण ज्या समाजावर ते कोरडे ओढत होते त्याच समाजात ते वाढले होते, त्याच्या खोडी त्यांना घरातून माहीत होत्या. ऐकीव माहितीवर तेवढा जोर येत नाही. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: परुळेकर वारली नव्हत्या, मग जवळून जाणण्याचं काय? मुक्काम आणि पायपीट यांनी बाहेरचा माणूसही बराच जवळ येतो, हे त्यांनी दाखवलं. तरीही पाड्यावरच्या माणसानं स्वतः लिहिलेल्याची जागा त्यानं भरत नाही. चित्रात ती भरली गेली. वारल्यांत लग्नाचा चौक घराच्या भिंतीवर सुवासिनींनी लिहायचा, अशी रीत. गंजाडच्या वारली चित्रकार जिव्या सोमा मशेंनी लग्नाविनाही रोज चितारायला घेतलं, भिंतीवरून कागदावर आणलं, मासे धरायचं पसरलेलं जाळं रेषारेषांनी भरून काढलं. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. रोजचंच जाळं, पण ते त्यांच्या हाताला माहीत होतं.

लेखनातही ती जागा भरता येईल. डहाणूतल्या रानशेतचं कोण वाचणार, असं म्हणून तिथल्या मुलामुलींनी हात आखडू नये. लिहिण्याजोगं त्यांच्याजवळ आहे. २०१८च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरी या दोन तालुक्यांत भूकंपाचे धक्के सुरू झाले. यंत्रांवर त्यांची तीव्रता उमटली. पण थंडीत घराबाहेर झोपताना म्हातारी माणसं काय बोलत होती, गुरं केव्हा बिथरली, शाळेत मुलांना कुठे बसवलं, हे यंत्राला टिपता येत नाही. ज्यांना ते आठवतं त्यांनी, आठवेल ती तारीख घालून, घरात बोलतात त्याच बोलीत लिहून ठेवावं.